सलालाहून आणलेलं झाड

९ जुलै २००२
आईंनी अडेनियमला पुन्हा पाणी घातलं! किती सांगितलं — बरसातीत नको, खोड सडते. "माझ्या पोराचं झाड आहे. तहानलं असन." सासूबाईंशी काय वाद घालू. चिरागनं मागच्या सुटीत आखातातून, सलालाहून आणलं तेव्हा बूड कांद्याएवढं होतं. अजूनही तेवढंच.

तो म्हणाला होता — तिकडे डोंगर एरवी कोरडे. पावसाळ्यात नुसतं धुकं, बारीक भुरभुर. तेवढंच बुडात साठवून जगते. "तुझ्यासारखं. काही मागत नाही." तेव्हा मले बरं वाटलं होतं.

१४ जुलै
पाऊस. फोन नाही. मेपासून नाहीच.

२१ जुलै
गुढियारी मोहल्ल्यातले तुळशीराम आले. चिरागच्या कंपनीत ड्रायव्हर होते, आता कायमचे परतले. चहा संपवला अन् म्हणाले, "भाभी, कैसे बोलूँ... भैया ने वहाँ घर बसा लिया है। बच्चा भी है।"

आई ओरडल्या — "खोटं! निघ माझ्या घरातून!"

ते गेले. मी कप धुतले. भात लावला. रडू आलं नाही.

२२ जुलै
काही नाही.

३० जुलै
बूथवरून सलालाला फोन लावला. एका बाईनं उचलला. मागे बाळ रडत होतं. मी ठेवून दिला. घरी येऊन आईंना सांगितलं. या वेळी ओरडल्या नाहीत.

५ ऑगस्ट
खोड दाबलं तर बोट आत गेलं. घाण वास! कुंडीतून काढलं, सुरीनं सडकं कापत गेले. निम्मं गेलं.

आई दारात उभ्या. "मीच मारलं का वं?"

हो म्हणणार होते. "पाणी थोडं जास्त झालं," म्हटलं. राख चोळून जिन्याखाली वाळत ठेवलं.

१७ ऑगस्ट
नागपूरहून दादाचा फोन. "काहून थांबली तिथं? ये. शाळेत जागा आहे." हो म्हटलं. हो म्हणतानाही काही वाटलं नाही. आईंचं काय, हे त्यानं विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. रात्री आईंना सांगितलं. "बरं," म्हणाल्या.

२६ ऑगस्ट
काप वाळून कडक झाला. कोरड्या रेतीत लावून शेजारच्या पद्मिनीताईंना दिलं. जगलं तर जगलं.

२८ ऑगस्ट
मी बॅग भरत होते. आई आल्या, हातात त्यांची दोन लुगडी. "मले बी ने. तो आला त त्याले कुलूप दिसू दे."