बंद केलेली लाइन

प्रिय अक्का,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. हात भरून आलेत, अक्षर लावून घे. तळं इतकं आटलंय की मोजपट्टीचे तळचे आकडे मी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा पाहिले. दिवसाआड एकेका बेटाला पाणी सोडतो. पाणी उतारानेच जातं. तळ्यातच नाही तर नळाला जोर कुठून येणार?

त्यातच समुद्राच्या तळाशी तुमच्या लाइनचा जोड फुटला आणि भेगेतून खारं पाणी आत शिरलं. दुसऱ्या दिवशी तुमच्या टाकीतलं पाणी मी चाखलं आणि थुंकलो. लाइन बंद करण्यावाचून इलाज नव्हता. माझी सासुरवाडी दुसऱ्या लाइनवर, तिथलं पाणी चालू राहिलं. मग काय, लोकांच्या हाती आयतं कोलीत. धक्क्यावर चारचौघांत तूही म्हणालीस, "बायकोच्या माहेराला पाणी पाजतोस, आणि आईच्या तोंडचं काढतोस?" मी मान खाली घालून होडीत बसलो. लोकांचं आता लागत नाही, निबर झालोय. तुझं लागलं.

पाणबुड्यांनी काल जोड बदलला. सगळे टाळ्या वाजवत होते. मला नुसतं खाली बसावंसं वाटलं.

आता जे तोंडाने सांगवत नाही ते. तुमच्या लाइनमधला जोर एकदम उतरला त्याच दुपारी मला कळलं होतं की लाइन बंद करावी लागणार. टाकीत तेव्हा गोडं पाणी होतं. साहेबांचा हुकूम येईपर्यंत कुणाला सांगायचं नव्हतं. तुला एक फोन केला असता तर चार हंडे भरून ठेवले असतेस. पण घरच्यांना आधी कळवलं असं कुणी म्हणू नये, म्हणून गप्प बसलो. आणि तिसऱ्या दिवशी आई घागर घेऊन जुन्या विहिरीवर गेली, शेवाळावर घसरली, खुबा मोडून बसली. तुला वाटतं मी पाणी दिलं नाही. मी वेळेवर एक शब्द कळवला नाही, अक्का.

उद्या आठला तुमची लाइन उघडेल. साहेब म्हणाले, व्हॉल्व्हवर तूच थांब. मी नाही म्हणालो, दोन महिन्यांची रजा टाकली. हे पत्र सकाळी होडीवाला देईल, दुपारच्या होडीने मी येतोय. माफी मागायला नाही. आईला उठवून, बसवून, पुसून तुझी कंबर गेली असेल. घरात घ्यायचं नसेल तर जेवायला ओट्यावर बसेन. फक्त तिच्या खाटेजवळची जागा मला दे, आणि तू झोप.

तुझाच,
ढब्बू