मास्तरांची संमती

३ मार्च

माझ्या नव्या दुकानाचं नाव कचेरीत अडकलं! अर्जात एक रकाना होता — हेच नाव का? मी शहाणीने सरळ लिहून टाकलं, ‘ज्यांच्या हाताखाली सोफे-खुर्च्यांचं काम शिकले, त्या मास्तरांचं नाव आहे.’ ‘मास्तर खुर्चीवाले’. खिडकीतल्या बाईंनी वर पाहिलं. “मास्तर हयात आहेत?” म्हटलं, चांगले ठणठणीत आहेत. “मग त्यांची लेखी संमती आणा.”

नवरा म्हणतो, “एवढं खरं बोलायला तुला सांगितलं कोणी?”

४ मार्च

संमतीपत्रावर मास्तरांचं खरं नाव हवं. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसून खिळे ठोकले, स्प्रिंगा बांधल्या — आणि नाव ठाऊक नाही! शेवटी त्यांच्या लेकीला फोन केला. ती हसून हसून बेजार.

पण मला हेच नाव हवंय. हात थरथरायला लागला म्हणून मास्तरांनी दुकान बंद केलं, तरी लोक अजून त्यांचंच नाव काढतात. माझ्या नावाने कोण येणार? घरातला सोफा उचलून द्यायचा तर भरवसा लागतो माणसाला.

६ मार्च

मास्तरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “माझं नाव पाहिजे? मग आधी खुर्ची करून आण.”

झालं! या वयात परीक्षा!

१० मार्च

खुर्ची नेली. वरचं कापड किती निगुतीने लावलं होतं! त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. लेकीला सांगून खुर्ची उलटी करवली, खालचं अस्तर टराटरा फाडलं आणि आत बोटं घातली. त्यांची जुनीच रीत — झाकलेलं आधी बघायचं. “पट्टा सैल आहे.” बस्स, एवढंच.

नुसता जळफळाट झाला माझा. घरी येऊन स्प्रिंगांखालचा पट्टा दाबून पाहिला. सैल होता.

११ मार्च

पट्टे पुन्हा ताणले. नवरा खुर्चीचे पाय धरून बसला होता. म्हणे, “दुकानाचं नाव ‘सासुरवास’ ठेव, कोणाची संमती लागायची नाही.”

१४ मार्च

आज मास्तरांनी पुन्हा अस्तर फाडलं, चाचपलं — खोट काढली नाही. खुर्ची सरळ करायला लावली आणि तिच्यात बसून अख्खा चहा प्यायले! मी तर मनात पाटीसुद्धा रंगवली. कागद पुढे केला तर म्हणतात, “सही नाही करणार.”

“का? काम वाईट आहे?”

“वाईट म्हणालो का? कापडाचा हा कोपरा बघ. मी असा दुमडत नाही. हा तुझा आहे. त्यावर माझं नाव कशाला?”

कागद पिशवीत कोंबला, खुर्ची घेतली आणि निघाले. रस्ताभर डोळे पुसत होते. एवढं कौतुक होतं तर सही करून करायचं की!

१५ मार्च

राग. खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली.

१७ मार्च

आज कोपरा नीट पाहिला. माझाच आहे तो. असा कधीपासून दुमडायला लागले, माझं मलाच कळलं नाही.

कचेरीत गेले. नव्या अर्जावर माझंच नाव घातलं, पुढे ‘खुर्चीवाल्या’. लिहिताना कसंसंच झालं. त्याच बाई खिडकीत. “या हयात आहेत?” म्हटलं, समोर उभ्या आहेत. दोघी हसलो.

२४ मार्च

मंजूर!!

२८ मार्च

पाटी लागली. नवरा सारखा रस्ता ओलांडून पलीकडून वाचून येतोय. मी आनंदात आहे, खूप आनंदात आहे. पण उद्या दुकान उघडायचंय. कोणी आलंच नाही तर?

२९ मार्च

दुकान उघडायला गेले तर दारात मास्तर. हातात पिशवी, पिशवीत त्यांची हातोडी. पाटीकडे बघत म्हणाले, “मालकीणबाई, कामाला माणूस हवाय का? हात थरथरतो, पण नजर शाबूत आहे.”

मी दुकानाची किल्ली त्यांच्यापुढे केली.