नाकावर चौदा

सोमवार, २ मार्च १९६४. संध्याकाळी साडेपाच.
दुबई खाडीच्या धक्क्यावर तांदळाच्या पोत्यांवर बसून पेन्सिल तासत होतो. बार्जवरून उतरणारी पोती मोजायची, हे माझं काम. टॅली क्लार्क, टेम्पररी. हेड क्लार्क कमरुद्दीनचाचा आज स्पष्ट बोलले. आठवडाभर मोजणी चोख दिलीस तर पर्मनंट करतो आणि अजराचं तुझ्याशी पक्कं झाल्याचं घरी श्रीवर्धनला कळवतो. चुकलास तर मुंबईच्या बोटीचं तिकीट मीच काढतो.
अजरा चाचांची मुलगी. चूक होणं शक्य नाही.
कारण आज एक ऑस्ट्रेलियन सर्व्हेअर भेटला. पूर्वी पापुआत होता. तिथल्या डोंगरातले फाइवोल लोक म्हणे अंगावर मोजतात. करंगळीला एक, अंगठ्याला पाच, मग मनगट, कोपर, खांदा, कान, डोळा करत नाकावर चौदा. तिथून दुसऱ्या बाजूनं खाली, दुसऱ्या करंगळीवर सत्तावीस. एक माणूस पूर्ण. कागद नको, पेन्सिल नको!
त्यांच्या भाषेला लिपी नव्हती. मिशनवाले आता रोमनमध्ये लिहू पाहताहेत. रोमन स्पेलिंगवर माझा विश्वास नाही. देवनागरी मीच बसवून देईन. साहेबाला त्यांचे तीनच शब्द येतात, तेही कदाचित शेजारच्या जमातीचे. सुरुवातीला पुरेत.

मंगळवार, ३ मार्च.
आरशासमोर सराव. खोलीतला तय्यब म्हणाला, हबीबी, पिसवा झाल्यात का? दुर्लक्ष केलं.
लिपीचं काम उद्यापासून.

बुधवार, ४ मार्च.
यश! एक्याऐंशी पोती, बरोबर तीन माणसं. मुकादम गनीभाईंची पद्धत जुनी. पहिल्या पोत्याला एक म्हणायचं नाही, बरकत म्हणायचं. शिवाय प्रत्येक पोत्यामागे हमाल डब्यात एक काडी टाकतो. काड्याही एक्याऐंशीच भरल्या. मग काड्या हव्यात कशाला?
चाचांनी विचारलं, कान दुखतो का? नाही म्हटलं. तरी लवंगेचं तेल पाठवलं. जावयासारखी काळजी घेतात.

गुरुवार, ५ मार्च.
सकाळी गनीभाईंना सांगितलं, काड्या खलास. ते म्हणाले, बघ हां हमीद, काडीला खाज सुटत नाही.
साखरेची बार्ज होती. साखर म्हणजे माश्या. एक नाकावर बसली, हात वर गेला. मोजायला गेला की मारायला, ते कळेना. तरी सावरलं. दहा माणसं. दोनशे सत्तर लिहून सही केली.
बार्जवाल्या याकूबच्या कागदावर दोनशे सत्त्याण्णव. तो ओरडला, मी चोर आहे काय? चाचा म्हणाले, पोती सापडेपर्यंत हमालांची मजुरी बंद. आठ हमाल उन्हात माझ्याकडे बघत उभे राहिले. कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.
नेमका एक माणूस कमी. किती माणसं झाली हे अंगावर कुठे ठेवायचं, ते साहेबानं सांगितलंच नव्हतं. विचारायला गेलो, तर तो अल ऐनला निघून गेलेला. अर्धवट शिकवणारे लोक.

शुक्रवार, ६ मार्च. जुम्म्याच्या नमाजानंतर.
सुट्टी असून गोदामात फेरमोजणी. काड्यांनी. दोनशे सत्त्याण्णव भरली. गनीभाईंनी एक काडी माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, घे, बरकत.
चाचांनी बाजूला घेतलं. म्हणाले, पोरा, लाजू नकोस, चार दिवस बघतोय. कान, नाक, मान, सारखा हात. हा अंगाचा रोग आहे. अशाला मी मुलगी कशी देऊ? घरी जा, इलाज कर.
सांगणार होतो की हा रोग नाही, गणित आहे. पण मग काड्या कोणी बंद केल्या तेही सांगावं लागलं असतं. याकूब दारातच उभा होता.
खाज कबूल केली.
बोट मंगळवारी. तिकीट चाचांनी काढलं. लिपीचं काम बोटीवर सुरू करीन, इन्शाल्ला.

खर्च: हमालांचा ओव्हरटाइम अठरा रुपये, सगळ्यांचा चहा तीन, मलम दोन. एकूण तेवीस.
खिशात होते नऊ.
देणं: चाचांचे चौदा. करंगळीपासून मोजून बघितलं. नाकावर आलं.