पहाटे उठण्याची अट नाही

मी, खाली सही करणारी, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारागिराची विधवा आणि स्वतःही त्याच कामातली, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाला किंवा गोड बोलण्याला बळी न पडता लिहून ठेवते. माझे नाव, वय आणि पत्ता वकिलांनी पहिल्या पानावर टाईप केले आहेत, ते बरोबर आहेत. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना त्यांनी झोपेची चौकशी केली. मी अजूनही उजाडायच्या बरीच आधी उठते म्हटल्यावर त्यांनी गोळी लिहून दिली. ती मी आणली नाही. हा आजार नाही, माझ्या आयुष्यातला हाच भाग चांगला गेला, हे बाहेर पेशंट ताटकळत असताना त्यांना समजावून सांगणे मला जमले नाही. इथे सांगते.

कलम १. यापूर्वी केलेले माझे मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करीत आहे. त्यात मी माझे राहते घर आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या महिला संघाला दिले होते, स्त्रियांनी पहाटे प्रार्थनेसाठी एकत्र जमावे म्हणून. संघाच्या सेक्रेटरीणबाईंनी ती बातमी आनंदाने ऐकली आणि पुढच्याच आठवड्यात येऊन, मी समोर बसले असताना, पुढच्या खोलीच्या पडद्यांची मापे घेतली. त्याबद्दल माझा राग नाही. मापे व्यवस्थित घेतली होती. रद्द करण्याचे कारण शेवटच्या कलमात येईल.

कलम २. हे घर माझ्या पतींनी मृत्युपत्राने मला एकटीला दिले. माझ्या दिरांनी त्यांचा हिस्सा वडिलांच्या हयातीतच घेतला असून त्याचे कागद वकिलांकडे आहेत. त्यामुळे या घरावर त्यांचा किंवा त्यांच्या मुलांचा काडीचाही हक्क नाही.

मी या घरात आले तेव्हा माझे पती बिजवर होते आणि त्यांची मुलगी शाळेत जात होती. पुढच्या खोलीत कारखाना, मधल्या खोलीत झोपणे, मागे स्वयंपाकघर. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर पहिल्या पत्नीच्या अक्षरात साखर, मीठ, रवा असे लिहिलेले होते. मी एकदा साखर दुसऱ्या डब्यात भरली. मुलीने ती परत पहिल्या डब्यात ओतली. पतींचे बोलणे मोजके, तेही कामापुरते: मेण मऊ झाले का, प्लास्टर सुकले का. पुढच्या खोलीत फळ्यांवर गिऱ्हाइकांच्या जबड्यांचे साचे ओळीने मांडलेले असत. घरात एवढी तोंडे होती, पण मला हाक मारणारे एकही नव्हते. मुलगी मला "अहो" म्हणायची. तेही क्वचित.

त्या घरात माझी म्हणावी अशी एकच गोष्ट होती: बाकीचे उठायच्या आधीची वेळ. तेव्हा डबे कोणाचे आणि चूल कोणाची, हे कोणी विचारत नव्हते. मी उठायचे, दिवा न लावता स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसायचे. पवित्र शास्त्र मांडीवर असायचे, पण अंधारात वाचणार काय? हात ठेवून बसायचे. प्रार्थना सुचत नसे. देवबापा, मी इथे आहे, एवढेच म्हणायचे. त्यालाही ते ठाऊक असणारच, म्हणून मग तेही म्हणायचे सोडले.

कलम ३. माझ्या दिरांना मी कारखान्यातील फळीवरचा त्यांच्या स्वतःच्या जबड्याचा साचा देत आहे. त्यांची कवळी मीच केली होती. ती टोचते असे त्यांनी सगळ्या नातेवाइकांत सांगितले आणि आजवर तीच वापरतात.

याच दिरांनी माझ्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत माझ्या पतींना विचारले होते की ही बाई इतक्या लवकर उठून करते काय, कपाट तर तपासत नाही ना. मी पलीकडच्या खोलीत मेण वितळवत होते. सगळे ऐकू आले. त्या दिवसापासून पतींनी कपाटाची किल्ली गळ्यात घालायला सुरुवात केली. दिवसा मी माझे काम करीत राहिले. पहाटे बसल्यावर मात्र डोळ्यांसमोर देव यायच्या ऐवजी ती किल्ली यायची.

एका पहाटे ते उठून पाहायला आले. दाराशी उभे राहिलेले मला कळले. मी डोळे उघडले नाहीत. बराच वेळ ते तसेच उभे होते. मग हळूच म्हणाले, "प्लास्टर कालवायला घेऊ का? की तुमचं अजून व्हायचंय?"

"व्हायचंय," मी म्हणाले.

ते परत जाऊन पडले. सकाळी किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवलेली होती आणि मरेपर्यंत ती तिथेच राहिली. असा माणूस होता. माफी मागायला त्यांची जीभ कधी वळली नाही, हात वळायचा.

भाऊजी, माझे आयुष्य दात बनवण्यात गेले आणि तुमच्यावर दात धरण्यातही थोडे गेले. तो आज मी काढून टाकते. साचा जपून न्यावा, प्लास्टर जुने आहे.

कलम ४. कारखान्यातील हत्यारे, म्हणजे मेणाच्या सुऱ्या, घासायची मोटर, वरचा-खालचा जबडा मिटवून पाहायचे बिजागरीचे यंत्र आणि दातांचा रंग जुळवायच्या पट्ट्या, हे सर्व सरकारी दवाखान्याच्या दंतविभागात कवळ्या करणाऱ्या बाईंना द्यावे. त्यांच्याकडची मोटर सारखी बंद पडते. माझी मोटर आवाज करते, बंद पडत नाही.

कलम ५. पुढच्या खोलीतली हातांची खुर्ची शहर बसवरच्या माझ्या मैत्रिणीला, म्हणजे कंडक्टर बाईंना द्यावी. त्या इथून बदली होऊन गेल्या आहेत, पण डेपोत विचारल्यास पत्ता मिळेल. त्यांना लाभ होत असल्याने त्यांना साक्षीदार करता आले नाही, असे वकील म्हणाले. याचे मला वाईट वाटते, कारण माझ्या पहाटेला खरी साक्षीदार तीच होती.

ती कशी आली ते लिहिते. सेक्रेटरीणबाईंनी एका वर्षी मला महिला संघाच्या सभेत बोलायला उभे केले. विषय त्यांनीच दिला: पहाटे उठल्याने ख्रिस्ती स्त्रीला होणारे आत्मिक लाभ. माझ्या आधी त्या स्वतः बोलल्या. पहाटे उठणाऱ्या स्त्रीचा चेहरा तेजस्वी राहतो, घर वेळेवर आवरते, पती समाधानी असतो, मुले आज्ञेत राहतात, असे त्यांनी सांगितले. मग माझी पाळी आली. मी कधी सभेत बोलले नव्हते. जे होते ते सांगून टाकले. मी म्हणाले की पहिली काही वर्षे मला काहीच लाभ झाला नाही, मी नुसती जागी होते. घर आवरले नाही, मुलगी माझ्याशी बोलली नाही, आणि चेहऱ्याचे म्हणाल तर तो तुमच्यासमोरच आहे. ज्या बाया अंधार असतानाच प्रभूच्या कबरेकडे निघाल्या, त्याही काही मिळेल म्हणून गेल्या नव्हत्या. त्यांचे माणूस मेले होते आणि त्यांना झोप लागत नव्हती. पुढे हळूहळू माझ्यात एवढाच फरक पडला की दिवसभरात कोणी टाकून बोलले, तर ते त्या दिवशी कानावर पडलेले पहिले बोलणे नसायचे. त्याआधी कोणीतरी माझ्याशी बोललेले असायचे. काय बोललेले, ते मला सांगता येणार नाही.

सेक्रेटरीणबाई उठून म्हणाल्या की बहिणीच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की चिकाटी ठेवावी. मला पुन्हा कधी बोलायला सांगितले नाही.

चहाच्या वेळी एक धिप्पाड बाई शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, नवरा गेल्यापासून तिचीही झोप उडाली आहे. पहिली गाडी तिचीच असते, तोवर घरात बसवत नाही. येऊ का तुमच्याकडे? दुसऱ्याच दिवशी ती खाकी युनिफॉर्म घालून, तिकिटांची पिशवी खांद्याला लावून आली. मी तिला खुर्ची दिली, मी जमिनीवर बसले. प्रार्थना सुरू व्हायच्या आत ती घोरायला लागली. रोज असेच. घरी झोप न येणारी बाई माझ्याकडे येऊन गाढ झोपायची. बागेत शिष्य झोपले तेव्हा, घटकाभरही जागता आले नाही का, असे प्रभूने त्यांना विचारले होते. मी तिला कधी विचारले नाही. गाडीची वेळ झाली की खांद्याला हात लावायचे. ती डोळे चोळत म्हणायची, "झाली का हो प्रार्थना?" मी म्हणायचे, झाली. तिच्या झोपेवर पहारा देण्यात माझी बरीच प्रार्थना झाली आहे. ती गेल्यापासून खुर्ची रिकामी आहे आणि त्या वेळी घर फार मोठे वाटते.

कलम ६. बँकेतील रकमेतून माझा दफनाचा खर्च करावा. उरेल ते सरकारी दवाखान्याला द्यावे आणि त्यातून वॉर्डाबाहेरच्या बाकांवर रात्र काढणाऱ्या नातेवाइकांना उजाडताना चहा मिळावा. पतींच्या शेवटच्या दुखण्यात मी त्या बाकावर होते. पहाटेच्या वेळी तिथे किती बाया जाग्या असतात, हे मला तोवर माहीत नव्हते. मी आपली उगाच स्वतःला एकटी समजत होते.

दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी थोडक्यात बोलावे. मी चिरनिद्रा घेत आहे असे कृपया म्हणू नये. मला उठायचे आहे.

कलम ७. माझे राहते घर, पुढच्या खोलीसह व त्यातील सामानासह, वर दिलेल्या वस्तू सोडून, मी माझ्या मुलीला देत आहे.

ती मला मुलगी म्हणून कधी भेटली, ते लिहिणे आवश्यक आहे, कारण या देण्यावर कोणी तरी हरकत घेणारच. किल्ली खिळ्यावर आल्यानंतरच्या हिवाळ्यात एका पहाटे ती स्वयंपाकघरात आली. अंगावर पांघरूण तसेच होते. तिने विचारले, "तुम्ही इथे रडता का?"

"नाही. बसते."

"माझ्यासाठी प्रार्थना करता?"

मी हो म्हणाले. त्यावर ती म्हणाली, "मला नको. तुमच्यासाठी करा. तुम्हाला जास्त गरज आहे."

आणि समोरच्या भिंतीला टेकून बसली. त्यानंतर शाळा संपेपर्यंत ती येत राहिली. दिवसा आमच्यात फारसा फरक पडला नाही. दिवसा ती तिच्या आईची होती, आणि ते योग्यच होते. पहाटे मात्र आम्ही दोघी समोरासमोर बसायचो, आणि तिच्या श्वासावरून मला कळायचे की आज परीक्षा आहे, की कोणी तिला दुखावले आहे.

मग ती शिकायला गेली, नोकरीला परदेशी गेली, तिथेच लग्न केले. वडिलांच्या दफनाला आली तेव्हा रोज उशिरापर्यंत झोपली. मी पहाटे स्वयंपाकघराचे दार उघडे ठेवून बसत होते. ती आली नाही. थकलेली होती. जाताना म्हणाली, येते अहो, जपा. त्यानंतर रविवारचे फोन, तब्येत विचारण्यापुरते. तेव्हाच मी ते पहिले मृत्युपत्र केले.

गेल्या वर्षी एका पहाटे फोन वाजला. मी खाली बसलेली होते, उठायला वेळ लागला. तिच्याकडे तेव्हा दिवस होता. मागून गाड्यांचे आवाज येत होते.

"उठलेल्या असाल म्हणून केला," ती म्हणाली. "मी घराबाहेर गाडीत बसले आहे. आत जाववत नाही. बोलायचं काही नाही, फक्त फोन ठेवू नका."

मी ठेवला नाही. काय झाले ते विचारलेही नाही. फोन कानाला लावून भिंतीला टेकले. खिडकी उजळेपर्यंत आम्ही तशाच होतो. मध्ये ती रडली, मग थांबली. शेवटी म्हणाली, "जाते आता आत."

नंतर कळले की तिचा नवरा वेगळा झाला आहे. ते घर त्याच्या नावावर आहे आणि ते तिला सोडावे लागेल. तिने माझ्याकडे काही मागितले नाही. ती मागणारी नव्हे.

मी सेक्रेटरीणबाईंना घरी बोलावून निर्णय सांगितला. त्या दुखावल्या. म्हणाल्या, "अहो, पण ती देवळाची पायरी तरी चढते का? पहाटे उठण्याचं तर सोडाच."

मी म्हणाले, "घर तिला उठण्यासाठी देत नाहीये. झोपण्यासाठी देतेय."

संघाला प्रार्थनेसाठी मंडळीची इमारत आहे, मलाही तिथे जाण्यासारखे होते. माझ्या मुलीला दुसरी जागा नाही. हे घर तिने वापरावे, भाड्याने द्यावे किंवा विकावे. डब्यांवरची अक्षरे ठेवायची की पुसायची, ते तिने ठरवावे. तिने पहाटे उठावे, प्रार्थना करावी, मला आठवावे, अशी कोणतीही अट मी या देण्यावर घातलेली नाही आणि कोणी घालू नये. मला जे त्या वेळी मिळाले तेही बिनशर्तच मिळाले होते.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकिलांनी करावी.

खाडाखोडीबाबत: वकिलांनी टाईप केलेल्या पहिल्या पानावर माझ्या वारसाचे नाते लिहिताना "सावत्र" असा शब्द आला होता. कायद्याला तो लागतो, असे ते म्हणाले. तो मी शाईने खोडला असून बाजूला पूर्ण सही केली आहे. इतर कोठेही खाडाखोड नाही.

ठिकाण: माझे राहते घर, स्वयंपाकघर.
दिनांक: चार नोव्हेंबर, मंगळवार.

लिहून देणारी: (सही)

आमच्यासमक्ष बाईंनी वाचून, समजून सही केली. आम्हाला उजाडायच्या आधी बोलावले होते. आम्ही नऊ वाजता आलो.

साक्षीदार: (सही) शेजारचे चष्मेवाले
साक्षीदार: (सही) वरच्या मजल्यावरील निवृत्त मुख्याध्यापिका