वगळलेल्या चौतीस नोंदी

पुणे,
९ नोव्हेंबर २००२

ती. आत्यास,
रत्नपालचा सविनय जयभीम. वि. वि.

इकडे सर्व ठीक. दीक्षाची सहामाही संपली. गणितात तिला माझ्याहून कमी आणि इंग्रजीत तुझ्याहून कमी मार्क आहेत, तेव्हा दोघांनी निम्मा निम्मा राग करावा.

पत्राचं खरं कारण हे, की प्रोफेसरपदाची मुलाखत वीस जानेवारीला ठरली. अर्जासोबत एक तक्ता जोडावा लागतो: आपले शोधनिबंध किती आणि इतरांनी आपल्या लेखनात त्यांचा आधार किती वेळा घेतला. अशा प्रत्येक उल्लेखाला सायटेशन म्हणतात. माझे निबंध तेवीस, सायटेशन एकशे अठरा. त्यातली एकाहत्तर एकट्या मेंढरांच्या निबंधाची. तू गावाकडे गोरेगावच्या शाळेत मुख्याध्यापिका होतीस, तेव्हा १९९१ आणि ९२ साली दर शनिवारी पुसेगावला जाऊन ज्याच्यासाठी चार घरांचे कळप लिहून आणलेस, तोच. शंभर कोकरांतली ब्याण्णव जगतात हा त्यातला आकडा आता परदेशातही वापरतात.

तू किती वर्षं मागत होतीस, म्हणून छापील प्रत सोबत पाठवतोय. उशीर पदरात घे आणि माया पूर्वीसारखीच राहू दे.

तुझा,
रत्नपाल


गोरेगाव,
१६ नोव्हेंबर २००२

चि. रत्नपाल यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा निबंध दोनदा वाचला. एकदा समजला नाही म्हणून आणि एकदा समजला म्हणून. एकूण उल्लेखांपैकी एकाहत्तर एकाचे आणि उरलेल्या बावीसांचे मिळून सत्तेचाळीस, म्हणजे तुझ्या घरात एकच लेकरू कमावतं आहे. त्याला नीट सांभाळ.

आता पान तीन, तळटीप. स्थानिक सहाय्यकाच्या नोंदीतील चौतीस चुका वगळल्या आहेत, असं तू इंग्रजीत छापलं आहेस. मराठीत छापलं असतंस तरी मला वाचता आलं असतं. स्थानिक सहाय्यक म्हणजे मी. आभारात तुझ्या गाईडचं नाव आहे, टाइप करणाऱ्याचं नाव आहे. माझं नाव नाही, माझ्या चुका मात्र आहेत.

बाबा रेल्वेत होते, तेव्हा सिकंदराबादला कॉन्व्हेंटात मी सिस्टर ॲग्नेसच्या हाताखाली सात वर्षं काढली. एक बेरीज चुकली की ती तीस वेळा लिहावी लागे. चौतीस चुकांची मला हिंमतच झाली नसती.

ट्रंकेतून वह्या काढल्या. एका रकान्यात व्यायलेल्या मेंढ्या, नावासकट. शेजारी कोकरं. चौतीस ठिकाणी मेंढी व्यायलेली आहे आणि शेजारचा रकाना रिकामा आहे, हे खरं. पण मला सांगितलं तेच मी लिहिलं. शनिवारच्या जीपनं पुसेगावला जाऊन त्या चार घरांतल्या जनकाबाईलाच विचारते.

सुनेस व दीक्षाला आशीर्वाद. तुलाही आहेत, पण आज थोडे कमी.

तुझी,
सत्यशीलाआत्या


गोरेगाव,
२५ नोव्हेंबर २००२

चि. रत्नपाल यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहिते.

जनकाबाई माझ्याच वयाची, पण अजून मेंढरांमागे चालते, म्हणून धाकटी दिसते. तिला वही वाचून दाखवली: मार्चचा दुसरा शनिवार, सात व्यायल्या, कोकरं पाच, पुढच्या शनिवारीही पाचच. ती म्हणाली, बराबर हाय की बाई, दोन मेली व्हती. मग तेव्हा सांगितलं काहून नाही, असं मी विचारलं. तर म्हणाली, तुमी इचारलं कोकरं किती. पाच दिस झाल्याबिगर आमच्यात कोकरू मोजत न्हाईत, नजर लागते. जे मोजलंच न्हाई, ते मेलं म्हनून कसं सांगावं? चारही घरं एकाच कुळीची, तेव्हा रीत सगळीकडे तीच. मला तिनं वर सुनावलं, की तुमी येवढ्या शिकलेल्या, लेकरं कोनी मोजत असतं व्हय? माझा भाचा दिवसभर तेच करतो, असं सांगितलं. तिला तुझी दया आली.

मग कोकरं न मोजता तिनं आयांची नावं घेतली. काळकानीचं गेलं, शिंगमोडीचं गेलं, भुरीचं दोन साल पाठोपाठ गेलं. एका मेंढीच्या नावावरून ती आणि वही भांडल्या. वही हरली, कारण ते माझं अक्षर होतं आणि ती तिची मेंढी होती. बाकी सगळं जुळलं.

तेव्हा त्या माझ्या चुका नव्हत्या. ती मेलेली कोकरं होती. तू खोडलीस.

एवढं वाचून काय वाटलं ते कळव. आशीर्वाद नेहमीइतके.

तुझी,
आत्या


पुणे,
६ डिसेंबर २००२

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

चार दिवस पुन्हा आकडेमोड केली. एकशे अडतीस कोकरांतली एकशे सत्तावीस जगली, म्हणून ब्याण्णव. चौतीस मिळवली की एकशे बहात्तरांतली एकशे सत्तावीस. शंभरात चौऱ्याहत्तर. रकाने जुळेनात, तेव्हा मी तुला विचारायला हवं होतं. तुझी चूक धरणं सोपं गेलं. आत्या, याची माफी मागतो.

माझा सहकारी शिवहार म्हणतो, खोटं बोलू नकोस, फक्त वीस जानेवारीपर्यंत काही बोलू नकोस. तो निबंध काढला तर माझी सत्तेचाळीस उरतात. दुसऱ्या उमेदवाराची नव्वद आहेत. पुढची जागा कधी निघेल सांगता येत नाही आणि मी अठ्ठेचाळीसचा झालो. दुरुस्ती फेब्रुवारीत छापली तरी ती दुरुस्तीच असेल ना? तुझं मत हवं आहे.

रागातही लोभ टिकावा, एवढं मागतो.

रत्नपाल


गोरेगाव,
१३ डिसेंबर २००२

चि. रत्नपाल यास,
आशीर्वाद. वि. वि.

माफी पोचली. मत मागतोस म्हणजे उत्तर तुला ठाऊक आहे. ते मी द्यावं, म्हणजे पुढे दोष द्यायला कोणी असेल. मी देणार नाही. वह्या मी कोणाला दाखवणार नाही आणि जाळणारही नाही.

एकच अट. दुरुस्ती कधीही छापलीस, तरी तिच्यात जनकाबाईचं आणि माझं पूर्ण नाव घाल. निबंधात आम्ही कुठेच नव्हतो. चुकीत तरी घे.

तूर पाठवली आहे. माणूस अडचणीत असला तरी वरण लागतंच.

तुझी,
आत्या


पुणे,
३ फेब्रुवारी २००३

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

जागा दुसऱ्याला मिळाली. माणूस चांगला आहे, त्यामुळे रागवायचीही सोय नाही.

मुलाखतीत मी तक्त्यातल्या एकाहत्तरावर स्वतःच रेघ मारली आणि कारण सांगितलं. चूक कोणी शोधली, असं अध्यक्षांनी विचारलं. एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि एक मेंढरं राखणारी बाई, असं म्हणालो. एक सदस्य हसले. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी दोन्ही नावं कागदावर लिहून घेतली.

दुरुस्ती नियतकालिकाकडे गेली. अर्धं पान आहे. नावं पूर्ण घातली आहेत. शिवहार दोन दिवस चिडला होता, आता चहाला येतो.

तूर चांगली शिजते. तसाच तुझा लोभही शिजत राहो.

रत्नपाल


पुणे,
१८ ऑगस्ट २००५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

सहज म्हणून कॉम्प्युटरवर पाहिलं. चुकीच्या निबंधाची सायटेशन आता एकशे चार झाली आहेत. लोक दुरुस्ती न वाचताच ब्याण्णव उचलतात. दुरुस्तीचा उल्लेख अडीच वर्षांत एकच. केनियातल्या एका बाईंनी केला आहे. त्यांच्याकडेही नवं पिल्लू मोजत नाहीत म्हणे. तुमची दुरुस्ती वाचून पिल्लं विचारायचं सोडलं आणि आयांची नावं विचारली, असं त्यांनी मला लिहिलंय. पहिल्या आठवड्यातली मर दिसल्यावर तिथल्या जनावरांच्या डॉक्टरांनी व्यायच्या हंगामात कळपांकडे जायला सुरुवात केली.

एकशे चार आणि एक. हा हिशेब मी कोणाला दाखवू? तुला दाखवतो. तब्येत जपावी आणि आठवण ठेवावी.

रत्नपाल


गोरेगाव,
२९ ऑगस्ट २००५

चि. रत्नपाल यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र घेऊन पुसेगावला गेले. गुडघ्यांनी तक्रार केली, मी ऐकली नाही. जनकाबाईला सांगितलं, की तुझं नाव आफ्रिकेत छापून गेलं आहे. तिनं त्याचं काही मनावर घेतलं नाही. एकशे चार आणि एक, हेही सांगितलं. ते तिनं ऐकलंसुद्धा नाही, भुरीच्या नातीच्या पायातला काटा काढत होती.

सगळं झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, की तिथली कोकरं आता जगतात का?

मला माहीत नव्हतं. तुझ्या पत्रात ते कुठे नव्हतं. त्या बाईंना लिही आणि विचार. किती ते विचारू नकोस, जनकाबाईला ते चालायचं नाही. जगतात का, एवढंच विचार. उत्तर आलं की लगेच कळव, मी पुन्हा जाईन.

लोभ आहे. पाच दिवस कधीच उलटून गेले, तरी तो मोजू नकोस.

तुझी,
सत्यशीलाआत्या