ईटला तिसरी फेज

१९ जुलै १९८७, रविवार
आजपासून रोजनिशी. थोर माणसं ठेवतात, आणि आता घरात निवांतपणाही आहे. जगदेवी माहेरी सास्तूरला गेली त्याला महिना झाला. हवापालट म्हणून.
मी आमच्या ईटच्या पाणीपुरवठा सहकारी संस्थेचा पंप ऑपरेटर. पंप तीन फेजचा, गावात येतात दोन. तिसरी मे महिन्यापासून गायब. रोज जाऊन स्टार्टर पुसतो आणि कुलूप लावून परत येतो. बायका पायऱ्यांच्या विहिरीत उतरून घागरी भरतात. जगदेवीपण उतरायची. सातवा चालू होता. पाय घसरला. दवाखान्यात आई गेली तिच्याबरोबर, मी स्टार्टर उघडून बसलो होतो. या विषयावर इथं लिहायचं नाही असं ठरवलंय.
दुसरं ठरवलंय ते इन्व्हर्टरचं. आहे त्या दोन फेजमधून करंट घ्यायचा, सरळ करायचा, सहा थायरिस्टरांनी, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचांनी, त्याचे तुकडे करून तीन फेज बनवायच्या. आयटीआयला असताना मासिकात वाचलेलं सगळं ध्यानात आहे. नळाला पाणी आलं की जगदेवी येणारच. येत्या रविवारी सास्तूरला जाऊन तिला स्वतः सांगतो.

२६ जुलै, रविवार
सास्तूरला गेलो नाही. पुण्याहून थायरिस्टरचं पार्सल कधीही येईल. मी नसताना आलं तर?

३ ऑगस्ट
पार्सल आलं. चेअरमन आण्णासाहेबांना डिझाईन समजावलं. चारशे चाळीस व्होल्ट म्हणजे सरकारी रुल्सप्रमाणे मीडियम व्होल्टेज, तेव्हा खरा प्रश्न इन्शुलेशनचा, हे सांगितलं. त्यांनी विचारलं, पाणी कधी येणार. मोठ्या माणसांना डिटेलमध्ये इंटरेस्ट नसतो.

११ ऑगस्ट
थायरिस्टर लई तापतात. ते जाड पत्र्यावर बसवावे लागतात, म्हणजे उष्णता पत्र्यात जाते. आईचं जर्मनचं पातेलं कापलं. आई म्हणाली, सून गेली, आता पातेलंपण चाललं का. हे काही शास्त्रीय बोलणं न्हाय.
पत्र्यात उष्णता जावी पण करंट जाऊ नये, म्हणून मधे अभ्रक. घरातली इस्त्री फोडून काढला. तसंही जगदेवी नसल्यानं इस्त्री लागत नव्हती.
पोळा झाला की सास्तूर. नक्की.

२५ ऑगस्ट
पोळा झाला. निम्मे बैल चारा छावणीत, त्यामुळं मिरवणूक लगेच उरकली. सकाळी स्टँडवर गेलो होतो. बसमध्ये जागापण होती. पाय उचलला तेवढ्यात आठवलं, इन्शुलेशनच्या व्हार्निशचा दुसरा हात राहिलाय. परत आलो.
व्हार्निश इतकं सुरेख वाळलं की बस्स. हवेत ओल म्हणून नाहीच. इन्शुलेशनला ओल वर्ज्य. दुष्काळाचा असा फायदा अजून कुणाच्या ध्यानात आलेला नसावा.

६ सप्टेंबर
मामा आले होते. गुरुलिंगमामा, जगदेवीचे वडील. तीन एसट्या बदलून आले. म्हणाले, पोरगी बोलत न्हाय कुणाशी, तुम्ही एकदा येऊन जावा. मी त्यांना ड्रॉइंग दाखवलं. बराच वेळ बघत राहिले आणि पुन्हा म्हणाले, एकदा येऊन जावा. बहुतेक ड्रॉइंग समजलं नसावं.
ते गेल्यावर आई भाकरी वाढून निघून गेली.

१४ सप्टेंबर
टेस्टिंग. तीन फेजला तीन बल्ब लावले. दोन लागले, तिसरा मधूनच लुकलुकला. बल्बच जुना असणार. टेस्ट सक्सेसफुल धरायला हरकत नाही.
झोप लागत नाही. रिकाम्या खोलीत मशीनचा गूं आवाज बरा वाटतो. बंद केलं की विहिरीकडचं बोलणं ऐकू येतं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
उद्घाटनाला हाच दिवस पाहिजे म्हणून मीच आण्णासाहेबांना सांगितलेलं. घरोघर हत्यारं, अवजारं पुजतात, मग इन्व्हर्टर काय परका आहे? सगळं गाव लोटलं होतं. बायका रिकाम्या घागरी घेऊन नळाशी रांगेत.
गुरव झाकणाला कुंकू लावायला लागला. मी थांबवलं. झाकणाला कुंकू म्हणजे फोटोला जेवण भरवण्यासारखं. स्वतः झाकण काढलं, कुंकू पाण्यात कालवलं आणि सहाही थायरिस्टरांना एकेक बोट ओढलं. आण्णासाहेबांनी नारळ फोडला. पाणी आत शिंपडलं तेव्हा मला भरून आलं. जगदेवी पाहिजे होती, असं मनात आलं.
स्विच टाकला. निळा जाळ कुंकवावरून पातेल्यात उतरला. आधी थायरिस्टर गेले, मग सरळ करंट मोटारीत शिरला आणि मोटार जळाली. जळक्या व्हार्निशचा वास अजून नाकात आहे.
कुणी शिवी दिली नाही. बायकांनी घागरी उचलल्या आणि विहिरीकडं गेल्या. कुणीतरी दिली असती तर बरं झालं असतं.
ओल वर्ज्य. हे मीच लिहिलंय.

२ ऑक्टोबर, दसरा
दुपारी लाईनवाले आले. खांबावर चढून फ्यूज बदलला आणि पाच मिनिटांत उतरले. तिन्ही फेज आल्या. बल्ब लावून बघितलं, तिन्ही लख्ख.
मोटार नाही.
सोनं द्यायला कुणी आलं नाही. मीपण गेलो नाही. आई घागर घेऊन निघाली. मी म्हणालो, मी आणतो. आई म्हणाली, राहू दे.

११ ऑक्टोबर, रविवार
सास्तूरला जाऊन आलो.
जगदेवी ओसरीवर तूर निवडत बसली होती. लई बारीक झालीय. मी सगळं सविस्तर सांगितलं. कुंकू ओलं होतं एवढीच चूक, पुढचं मॉडेल चिनी मातीवर बसवतो, मोटार वाइंडिंगला गेलीय, दिवाळीपर्यंत नळाला पाणी, मग तुला घ्यायला येतो. ती खडे वेचत होती.
मग म्हणाली, पाण्याचं मी कधी म्हणाले तुम्हाला? चार महिने झाले, मुलगा होता का मुलगी, हे तुम्ही एकदा तरी विचारलं का?
मला खरंच माहीत नव्हतं. आईनं सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं.
आज विचारलं.
मुलगी होती. जावळ दाट होतं म्हणाली.