कुंपण गेलं, आमंत्रण राहिलं

वाल्गा,
रविवार, दुपार

प्रिय लाइनेताई,

धाकट्या भावाचा नमस्कार. आज सकाळपासून कानात बाईंची छडी वाजते आहे. मारायची नव्हे गं, ठेक्याची! सगळे वर्ग एकाच खोलीत भरणाऱ्या आपल्या त्या शाळेत बाई कविता म्हणून घेताना टेबलाच्या कडेवर छडीनं ठेका धरायच्या, टक् टक् टकाटक्, आणि माझी ओळ अडली की तू पुढच्या बाकावरून मागे वळून ओठ हलवायचीस. इतक्या वर्षांनी ते आज का आठवावं? तर काल भर सभेत माझी ओळ अडली, आणि ओठ हलवणारं कोणी नव्हतं. पण ते सावकाश सांगतो. तुझा गुडघा कसा आहे? मांजर अजून शेजारीच जेवतं का? माझी तब्येत उत्तम आहे. (रक्तदाब सोडून. त्याचं कारण पुढे येईलच.)

आमचं गाव तुला ठाऊक आहे. अर्धं आपल्या एस्तोनियात, अर्धं लात्वियात, आणि मधून बेडूक उडी मारून जाईल एवढा ओढा. दोन्ही देशांना स्वातंत्र्य मिळालं आणि त्या आनंदाच्या भरात त्यांनी आधी काय केलं असेल, तर ओढ्याकाठी कुंपण घातलं. माझी परसबाग परदेशाला टेकली. त्या परदेशात आउस्मा राहते. (तू तिला ‘ती काकडीवाली’ म्हणतेस. ती डेअरीत दुधाची तपासनीस होती, हे मी तुला अनेकदा लिहिलं आहे.) कुंपण होतं तेव्हा ती तारेतून काकडी-टोमॅटोची रोपं द्यायची, मी बेण्याचे बटाटे द्यायचो, आणि पहारेकरी पाठ फिरवून शीळ घालायचा. मग दोन्ही देश युरोपच्या मोठ्या कुटुंबात नांदायला गेले, तारा निघाल्या, बँड वाजला, आणि मी ओढ्यावर एक फळी टाकली. त्या फळीवर आम्ही जुन्या काळच्या मोडक्या रशियनमध्ये बोलतो, कारण माझी भाषा तिला येत नाही आणि तिची मला. विषय म्हणजे कीड, हवा आणि कंबर. विधुराला नि विधवेला याहून जास्त विषय लागत नाहीत, असं मी स्वतःला सांगत आलो.

पण तिच्या घरात मी कधी पाऊल टाकलं नाही. बोलावलंच नाही तिनं! दरवर्षी तिचा नामदिन, म्हणजे कॅलेंडरात तिच्या नावाचा छापलेला दिवस, येतो, खिडक्या उजळतात, केशर घातलेल्या वेटोळ्या केकचा वास ओढा ओलांडून येतो, आणि मी कोट झटकून, बूट चकाकवून निरोपाची वाट पाहत बसतो. (आपण नामदिनाचं एवढं कुठं मनावर घेतो? पण तिकडे तो वाढदिवसापेक्षाही मोठा.) तुला बाबा आठवतात ना, सख्ख्या भावाकडे जायचं तरी आधी निरोप धाडायचे. बोलावल्यावाचून उंबरठा ओलांडणं म्हणजे आपल्यात जवळजवळ चोरीच. शेवटी मी मनाशी ठरवून टाकलं की बाईला काकडीपुरताच शेजार हवा आहे. ते ठरवायला मला फार जड गेलं, ताई.

काल नगरपालिकेनं पाहुणे आणले. (दोन्ही नगरपालिकांनी मिळून, म्हणजे गोंधळही दुप्पट.) फार दूरचे, एका मोठ्या नदीच्या दोन काठांवरच्या दोन देशांचे लोक, शेजारी एक कसे होतात ते पाहायला आलेले. नमुना म्हणून आम्हा दोघांना सीमेवरच्या बाकावर बसवलं. ती तिच्या देशात, मी माझ्या, मध्ये कागदी झेंड्यांची कुंडी. राजधानीहून आलेल्या साहेबांनी भाषण केलं. लहान शेजारी हातात हात घालून गेले तरच जगाच्या पंगतीत त्यांना पाट मिळतो, नाहीतर ते दाराशी उभे राहतात, असं ते म्हणाले. मला पटलं. त्यानंतर मी शाळेतली शेजाऱ्यावरची कविता म्हणायची असं ठरलं होतं. तेवढ्यात पाहुण्यांतल्या पिवळ्या फेट्याच्या एका बाईंनी हात वर करून साधाच प्रश्न विचारला, की हे दोघं एकमेकांकडे जेवायला जातात का?

मी म्हटलं, “कधीच नाही. बाईंनी बोलावलं नाही.”

दुभाष्यानं ते इमानदारीनं लात्वियनमध्ये सांगितलं. (इतका इमानदार दुभाष्या सरकारनं नेमू नये.) आउस्मा बिटासारखी लाल झाली. तिचं उत्तरही त्यानं तितक्याच इमानदारीनं माझ्या भाषेत आणलं.

“बोलावलं नाही? नामदिनाला कुणी बोलावतं का? ज्याला आठवण असते तो येतो! दरवर्षी या माणसाची खुर्ची मांडते मी, आणि पाहुणे गेले की यानं न खाल्लेलं ताट झाकून ठेवते. वाटायचं, एस्तोनियन माणूस, आमच्या टेबलावर बसायला लाजत असेल!”

साहेब घाईघाईनं म्हणाले, हा तांत्रिक मुद्दा आहे. पाहुणे मात्र भराभर लिहून घेऊ लागले. पिवळ्या फेट्याच्या बाई हसून म्हणाल्या, “आमच्याकडे या काठावरून त्या काठावर सगळेच न बोलावता जातात. फक्त पूल तेवढा नाही.”

मग कविता. मी उभा राहिलो, पहिली ओळ म्हटली आणि दुसरी अडली. आउस्मा उठली, “टेबल आवरलं आता, शेजारी,” एवढंच म्हणाली आणि निघून गेली. आज सकाळी परसात गेलो, तर ओढ्यावरची फळी तिच्या काठावर ओढून ठेवलेली. मघापासून ती जागा पाहतो आहे. ओढा एवढा रुंद आहे हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

असो. गुडघ्याला शेक घेत जा.

तुझा धाकटा,
एंडेल

ता. क. माझा निळा टाय तुझ्याकडे राहिला आहे. सवडीनं पाठव. विशेष काही नाही.

आणखी एक. ‘विशेष काही नाही’ हे वरचं म्हणणं खोटं आहे. खरं असं, की पुढच्या नामदिनापर्यंत थांबण्याइतकं धाडस या वयात कुणी करू नये. तू येशील का? तू नुसती सोबत चल आणि तिचं दार वाजव, बाकीचं मी बघतो. न बोलावता जायला माझे पाय उचलत नाहीत. टाय येताना आण.

थांब, दार वाजलं.

ताई, हे उभ्यानंच लिहितो आहे. दारात गुंटिस आहे, आउस्माचा मुलगा. हा आजवर मला फक्त मानेनं ओळखत होता. आपल्याकडच्या लाकडाच्या वखारीत काम करतो, त्यामुळे आपली भाषा बरी बोलतो. म्हणतो, “काका, आई बाहेर गाडीत बसलीय. मांडीवर केक आहे. कधीची म्हणतोय, चल आत, तर म्हणते, त्या लोकांत बोलावल्याशिवाय जात नाहीत. आता बोलवा तरी लवकर, मला रविवारच्या पाळीला जायचंय!”

टाय राहू दे. निघालो. आमंत्रण कुठल्या भाषेत द्यायचं, ते दारापासून गाडीपर्यंत सुचेल.